गाळलेली जागा भरा : भाषेच्या वर्गापासून प्रथिनांच्या घडीपर्यंत

“दिवा विझला आणि खोलीत ______ पसरला.”

गाळलेल्या जागी तुम्ही बहुधा ‘अंधार’ घातला असेल, नाहीतर ‘काळोख’. एखाद्याने ‘सन्नाटा’ही घातला असेल. ‘शांतता’ मात्र कोणी घालणार नाही. अर्थाच्या दृष्टीने ती तिथे चालून गेली असती, पण शेवटचं ‘पसरला’ आडवं येतं. शांतता पसरते ती ‘पसरली’. रिकाम्या जागेच्या पुढे आलेल्या एका ‘ला’ने स्त्रीलिंगी आणि नपुंसकलिंगी शब्दांचा सगळा ढीग बाजूला सारला. मागच्या ‘दिवा विझला’ने उरलेल्यांतून दोन-तीनच शब्द शिल्लक ठेवले. हे सगळं पापणी लवायच्या आत झालं आणि व्याकरणाचा एकही नियम तुम्हाला आठवावा लागला नाही.

शाळेतल्या या साध्या प्रश्नप्रकाराबद्दल मला लिहायचं आहे, कारण गेल्या काही वर्षांत त्याने तीन वेगवेगळ्या ज्ञानशाखांना एकमेकींशी बांधलं आहे. परकी भाषा कशी शिकावी, एका भाषेतलं दुसऱ्या भाषेत कसं न्यावं आणि पेशीतली प्रथिनं कशी वाचावीत, या तिन्ही ठिकाणी आज संशोधक एकच प्रश्न विचारताना दिसतात. आजूबाजूचं दिसतंय, मधलं झाकलंय, तर तिथे काय असेल?

या प्रश्नाला संशोधनाच्या हत्याराचं रूप दिलं ते विल्सन टेलर या अमेरिकी संशोधकाने, १९५३ साली. त्याचं क्षेत्र पत्रकारितेचं. एखादा मजकूर वाचायला किती सोपा किंवा अवघड आहे, हे त्याला मोजायचं होतं. तोवर त्यासाठी वाक्यांची लांबी आणि अवघड शब्दांची संख्या मोजणारी सूत्रं वापरत. पण छोट्या वाक्यांतही माणूस दुर्बोध लिहू शकतो. टेलरने सरळ उतारा घेतला, ठरावीक अंतरावरचा एकेक शब्द खोडला आणि वाचकांना सांगितलं, भरा. जितके जास्त शब्द बरोबर भरले जातील तितका उतारा त्या वाचकांसाठी सोपा. या पद्धतीला त्याने ‘क्लोझ’ असं नाव दिलं. अपुरं वर्तुळ दिसलं की मन ते पुरं करून पाहतं, या मानसशास्त्रातल्या कल्पनेवरून ते आलं.

भाषाशिक्षकांनी ही पद्धत पुढे आपलीशी केली, पण उलट्या हेतूने. टेलर मजकुराची परीक्षा घेत होता, शिक्षक विद्यार्थ्याची घेऊ लागले. एका रिकाम्या जागेत शब्दसंग्रह, व्याकरण आणि संदर्भाचं भान, तिन्हींची कसोटी लागते. ‘पसरला’मधलं लिंग न कळणारा तिथे अडकतो आणि ‘विझणे’ माहीत नसलेलाही अडकतो.

मेंदूही सतत हेच करत असतो. १९८० साली मार्टा कुटास आणि स्टीव्हन हिलयार्ड यांनी डोक्याला इलेक्ट्रोड लावून लोकांना वाक्यं वाचायला दिली. काही वाक्यांचा शेवट मुद्दाम भलत्याच शब्दाने केलेला होता. “दिवा विझला आणि खोलीत हत्ती पसरला” अशा धर्तीचा. असा शब्द डोळ्यांपुढे आल्यावर साधारण ४०० मिलिसेकंदांनी मेंदूच्या विद्युतलहरीत एक ठळक खळगा दिसला. पुढचा शब्द साधारण कोणत्या गोटातला असेल याची तयारी आपण वाचता वाचता करत असतो आणि ती फसली की मेंदूला जास्त काम पडतं.

आता परकी भाषा शिकणाऱ्याची अडचण पाहा. त्याच्यासाठी प्रत्येक अनोळखी शब्द ही एक रिकामी जागाच असते. अशा किती जागा असल्या तरी वाचन निभावतं? हू आणि नेशन या दोन संशोधकांनी २००० साली एक गोष्ट घेतली, तिच्यातले कमी वापरातले शब्द काढून त्या जागी निरर्थक शब्द बसवले आणि त्यांचं प्रमाण बदलून पाहिलं. दर पाच शब्दांत एक अनोळखी असेल, तर कोणालाच ती गोष्ट पुरेशी समजली नाही. कुणाच्या मदतीशिवाय नीट समजायची तर साधारण ९८ टक्के शब्द ओळखीचे असावे लागतात, असा त्यांचा निष्कर्ष होता. म्हणजे पन्नास शब्दांत एक अनोळखी. ९५ टक्के ऐकायला पुष्कळ वाटतं, पण तीनशे शब्दांच्या पानावर त्याचा अर्थ पंधरा रिकाम्या जागा असा होतो. परकी भाषा दोन-तीन वर्षं शिकून पहिली कादंबरी हातात घेणारा दहाव्या पानावर का थकतो, ते या हिशोबावरून कळतं. दोष त्याच्या चिकाटीचा नसतो. जागा जवळजवळ आल्या की एका जागेसाठी ज्याचा आधार घ्यायचा, तो शब्दच दुसरी रिकामी जागा निघतो.

झाकलेल्या पानाला पाडलेलं भोक

भाषांतराकडे वळू. १९४९ साली वॉरन वीव्हर या अमेरिकी गणितज्ञाने संगणकाकडून भाषांतर करून घेण्याविषयी एक टिपण लिहिलं. त्यातली एक कल्पना मला फार मोलाची वाटते. पुस्तकाचं पान एका जाड कागदाने झाकलं आहे, कागदाला एकच शब्द दिसेल एवढं भोक आहे. त्यातून दिसणाऱ्या एकट्या शब्दाचा अर्थ ठरवता येईल का? बहुधा नाही. पण भोक रुंद केलं, डावीकडचे काही आणि उजवीकडचे काही शब्द दिसू लागले, तर एका टप्प्यावर अर्थ ठरतो. ‘वर’ हा शब्द एकटा दिसला तर तो लग्नाचा, देवाने दिलेला की छताकडचा, हे सांगता येत नाही. शेजारी ‘वधू’ दिसली की प्रश्न मिटतो.

याच वीव्हरने ‘रेणवीय जीवशास्त्र’ या अर्थाचा इंग्रजी शब्दप्रयोग १९३८ सालीच रॉकफेलर फाउंडेशनच्या अहवालात वापरला होता. तिथे तो विज्ञान विभागाचा प्रमुख होता. यांत्रिक भाषांतर आणि पेशीतल्या रेणूंचा अभ्यास, दोन्हींच्या सुरुवातीच्या पानांवर एकाच माणसाचं नाव आहे. पुढे सत्तर वर्षांनी ही दोन क्षेत्रं एकाच यंत्रावर येऊन मिळतील याची त्याला कल्पना असण्याचं कारण नव्हतं.

१९५४ साली जॉर्जटाउन विद्यापीठ आणि आयबीएम यांनी साठाहून अधिक रशियन वाक्यं संगणकाकडून इंग्रजीत आणवून दाखवली. त्या यंत्राजवळ २५० शब्द आणि व्याकरणाचे सहा नियम होते. कौतुक खूप झालं, अपेक्षा त्याहून वाढल्या, आणि १९६६ मध्ये अमेरिकी सरकारने नेमलेल्या समितीने निराशाजनक अहवाल दिल्यावर पैसा आटला. नियम रचून भाषा पकडता येईना. भोक रुंद करायचं तंत्र अजून कोणाजवळ नव्हतं.

पेशीतलं भाषांतर

मराठी विज्ञानाच्या पुस्तकांत पेशीतल्या एका क्रियेला ‘भाषांतरण’ म्हणतात, आणि ते नाव नुसतं शोभेचं नाही. जनुकातला मजकूर चार अक्षरांत लिहिलेला असतो. त्याची आरएनए नावाची नक्कल पेशीत कामासाठी पाठवली जाते. तिची अक्षरं ए, यू, जी आणि सी. प्रथिनं मात्र वीस प्रकारच्या अमिनो आम्लांची साखळी असतात. चार अक्षरांच्या लिपीतून वीस अक्षरांच्या लिपीत मजकूर न्यायचा, हे ते काम.

तीन-तीन अक्षरांचा एक शब्द धरला जातो, त्याला कोडॉन म्हणतात. चार अक्षरांतून असे ६४ शब्द होतात. त्यांतले ६१ अमिनो आम्लांसाठी आणि तीन पूर्णविरामासाठी. १९६१ साली मार्शल निरेनबर्ग आणि हाइनरिख मथाय यांनी नुसत्या ‘यू’ अक्षराचा आरएनए वापरला. बाहेर आली ती एकाच अमिनो आम्लाची, फेनिलअॅलॅनिनची साखळी. शब्दकोशातला पहिला शब्द सापडला. पुढच्या पाच वर्षांत हरगोविंद खोराना आणि इतरांनी बाकीचे शब्द लावले. १९६८चं नोबेल निरेनबर्ग, खोराना आणि रॉबर्ट हॉली यांना मिळालं.

पण हा शब्दकोश पेशीत असतो कुठे? साखळी जोडण्याचं काम रायबोझोम नावाचं यंत्र करतं, म्हणून तोच दोन्ही भाषा जाणत असेल असं वाटणं साहजिक आहे. १९६२ सालच्या एका प्रयोगाने या समजुतीचा निकाल लावला. हा प्रयोग मला इतका आवडतो की तो सावकाश सांगतो.

अमिनो आम्लं रायबोझोमकडे आणणारे छोटे आरएनए असतात. त्यांना हमाल म्हणू. प्रत्येकाच्या एका टोकाला तीन अक्षरांचा बिल्ला आणि दुसऱ्या टोकाला एक अमिनो आम्ल. सिस्टीन नावाच्या अमिनो आम्लाचा हमाल संशोधकांनी घेतला, पाठीवर सिस्टीन लादलेला. मग एका रासायनिक प्रक्रियेने त्या सिस्टीनमधलं गंधक काढून टाकलं. गंधक गेलं की सिस्टीनचं अॅलॅनिन होतं. आता बिल्ला सिस्टीनचा आणि पाठीवरचा माल अॅलॅनिनचा. अशी फसवणूक रायबोझोमच्या लक्षात येईल का? आली नाही. जिथे सिस्टीन हवं होतं तिथे त्याने बिनदिक्कत अॅलॅनिन जोडलं. रायबोझोम फक्त बिल्ला वाचतो, माल तपासत नाही.

मग दोन्ही भाषा जाणतं कोण? हमालाच्या पाठीवर माल लादणारी विकरं. साधारण प्रत्येक अमिनो आम्लामागे एक विकर असतं. ते हमालही ओळखतं आणि अमिनो आम्लही ओळखतं, आणि चुकीचा माल लादला गेला तर अनेकदा तो उतरवतंही. पेशीतली खरी दुभाषी ती. रायबोझोम हा कुशल लेखनिक.

इथवर पाहिलं तर हे भाषांतर अगदी शब्दाला शब्द वाटतं. पण तसं ते पूर्णपणे नाही, आणि ज्याने कधी भाषांतर केलं आहे त्याला पुढच्या दोन गोष्टी ओळखीच्या वाटतील.

पहिली. ‘यूजीए’ हा पूर्णविराम. पण त्याच आरएनएच्या पुढच्या भागात, प्रथिनाचा मजकूर संपून गेल्यावर, एक विशिष्ट वेटोळं असेल तर तोच ‘यूजीए’ पूर्णविराम राहत नाही. तिथे सेलेनोसिस्टीन नावाचं एकविसावं अमिनो आम्ल बसतं. माणसाच्या पेशींत अशी सुमारे पंचवीस प्रथिनं आहेत. पुढे दूर कुठेतरी असलेल्या खुणेने मागच्या शब्दाचा अर्थ बदलला. ‘पसरला’ने रिकाम्या जागेवर घातली तशीच ही अट.

दुसरी गोष्ट समानार्थी शब्दांची. ल्यूसीनसाठी सहा कोडॉन आहेत. कोणताही वापरा, प्रथिनात ल्यूसीनच येणार, म्हणून अशा बदलांना बराच काळ ‘मूक’ म्हटलं जाई. २००७ साली एका मानवी जनुकातल्या अशाच मूक बदलाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. अमिनो आम्लांचा क्रम जसाच्या तसा होता, तरी तयार झालेल्या प्रथिनाचं औषधांशी वागणं वेगळं होतं. संशोधकांनी सुचवलेलं कारण असं की विरळ कोडॉनपाशी रायबोझोमचा वेग बदलतो आणि साखळी बाहेर पडता पडता तिची घडी जराशी वेगळी पडते. ‘अंधार’ आणि ‘काळोख’ कोशात एक असतील, वाक्यात त्यांचं वजन सारखं नसतं. पेशीतही असं काही असावं याने मला आजही आनंद होतो.

साखळी मिळाली, अर्थ नाही

प्रथिनाची साखळी तयार झाली म्हणजे वाक्य लिहून झालं. त्याचा अर्थ मात्र साखळीच्या घडीत असतो. साखळी स्वतःभोवती वळते, दुमडते आणि तिचा एक ठरावीक आकार होतो. हा आकारच काम करतो. ख्रिश्चन अॅनफिन्सन यांनी रायबोन्यूक्लिएज नावाच्या १२४ अमिनो आम्लांच्या प्रथिनाची घडी उलगडून दाखवली आणि योग्य परिस्थिती दिल्यावर ते आपणहून पुन्हा तसंच घडी घालून बसलं. घडी कशी पडणार याची माहिती साखळीच्या क्रमातच असते, हे त्यावरून दिसलं. त्यांना १९७२चं नोबेल मिळालं. क्रम वाचून घडी सांगणं मात्र पुढची पन्नास वर्षं कोणाला नीट जमलं नाही.

अडचण कुठे होती आणि ती कशी सुटली, हे सांगायला मराठी व्याकरणासारखी सोय दुसरी नाही. हे वाक्य घ्या.

“काळी मांजर भिंतीवरून उडी मारून अंगणात उतरली.”

मांजरीच्या जागी बोका आणा. तेवढाच बदल करून भागत नाही. ‘काळी’चं ‘काळा’ करावं लागतं आणि पार टोकाच्या ‘उतरली’चं ‘उतरला’. मधले चार शब्द तसेच राहतात. मराठीचं अक्षरही न येणाऱ्या माणसाला अशी लाखो वाक्यं दिली, तर काही दिवसांनी त्याच्या लक्षात येईल की अमुक दोन जागा लांब असल्या तरी जोडीने बदलतात, म्हणजे त्यांचं एकमेकींशी नातं आहे. लिंग म्हणजे काय हे त्याला कळायची गरज नाही.

प्रथिनांत तेच घडतं. समजा विसाव्या जागी धन प्रभाराचं अमिनो आम्ल आहे आणि दीडशेव्या जागी ऋण प्रभाराचं. साखळीत ती एकमेकांपासून दूर, पण घडी पडल्यावर शेजारी येऊन एकमेकांना धरून ठेवणारी. उत्क्रांतीत विसाव्या जागी ऋण आलं, तर ही पकड सुटते. दीडशेव्या जागी धन आलं तर पुन्हा जमते. म्हणून एकाच कुळातली हजारो प्रथिनं शेजारी मांडली की जोडीने बदलणाऱ्या जागा दिसू लागतात, आणि त्यावरून घडीत कोण कोणाच्या शेजारी बसतं याचा अंदाज येतो. गूगलच्या मालकीच्या डीपमाइंड कंपनीच्या अल्फाफोल्ड या संगणकीय प्रणालीने हा धागा वापरला आणि २०२० मधल्या घडी ओळखण्याच्या स्पर्धेत बाकीच्यांना फार मागे टाकलं. २०२२ पर्यंत २० कोटींहून अधिक प्रथिनांच्या अंदाजित रचना सर्वांसाठी खुल्या झाल्या. डेमिस हसाबिस आणि जॉन जम्पर यांना त्यासाठी २०२४च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमधला अर्धा वाटा मिळाला. उरलेला अर्धा नवी प्रथिनं रचण्यासाठी डेव्हिड बेकर यांना.

आता भाषांतर आणि प्रथिनं यांची गाठ जिथे खरी पडली तिथे येऊ. २०१७ साली गूगलमधल्या आठ संशोधकांनी संगणकाला भाषा हाताळता यावी म्हणून ‘ट्रान्सफॉर्मर’ नावाची रचना मांडली. ती तपासली होती इंग्रजीतून जर्मन आणि इंग्रजीतून फ्रेंच अशा भाषांतरावर. आधीची यंत्रं वाक्य एकेक शब्द करत पुढे वाचायची आणि दूरचा शब्द येईपर्यंत मागचा पुसट व्हायचा. ट्रान्सफॉर्मरमध्ये प्रत्येक शब्द बाकीच्या सगळ्या शब्दांकडे थेट पाहतो आणि कोणाकडे किती लक्ष द्यायचं ते ठरवतो. वीव्हरचं भोक एकदम वाक्याएवढं रुंद झालं. ‘उतरली’ला मधल्या शब्दांच्या डोक्यावरून ‘मांजर’ दिसू लागली.

पुढच्याच वर्षी बर्ट नावाचं भाषेचं प्रारूप (मॉडेल) आलं. त्याला शिकवायची रीत अशी: प्रचंड मजकूर घ्यायचा, त्यातले १५ टक्के शब्द निवडून बहुतेक झाकायचे आणि प्रारूपाला ते ओळखायला लावायचे. चुकलं की आतली आकडेमोड किंचित बदलायची आणि पुढचं वाक्य द्यायचं. कोणी अर्थ सांगत नाही, व्याकरण शिकवत नाही. बर्टच्या शोधनिबंधात टेलरच्या १९५३ सालच्या क्लोझ पद्धतीचा उल्लेख आहे.

आणि मग कोणीतरी शब्दांच्या जागी अमिनो आम्लं ठेवली. ईएसएम हे प्रारूप २५ कोटी प्रथिनांच्या क्रमांवर शिकवलं गेलं. त्यात ८,६०० कोटी अमिनो आम्लं होती. सराव तोच: झाकलेलं ओळख. त्याला रसायनशास्त्र सांगितलं नव्हतं, एकाही प्रथिनाचा आकार दाखवला नव्हता. तरी २०२१ मध्ये छापलेल्या शोधनिबंधात दिसलं की प्रारूपाने आपल्या आतल्या मांडणीत पाण्यापासून दूर राहणारी अमिनो आम्लं एका बाजूला आणि प्रभार असलेली दुसऱ्या बाजूला लावली होती. घडीचे धागेदोरेही त्याच्या आत सापडले. २०२३ मध्ये याच घराण्यातल्या मोठ्या प्रारूपाने माती, समुद्र अशा ठिकाणच्या सूक्ष्मजीवांच्या ६१ कोटींहून अधिक प्रथिनांच्या घडींचा अंदाज दिला.

याचा उपयोग काय, तर पहिला रोगांच्या अभ्यासात. सिकलसेल आजारात हिमोग्लोबिनच्या एका साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलीन येतं. एकच शब्द बदलतो आणि तांबड्या पेशींचा आकार विळ्यासारखा होतो. पण प्रत्येक बदल असा घातक नसतो, बहुतेक तर निरुपद्रवी असतात. मग ती जागा झाकायची आणि प्रारूपाला विचारायचं की इथे मूळचं अमिनो आम्ल किती शोभतं आणि नवं किती. ‘पसरला’समोर ‘अंधार’ किती आणि ‘शांतता’ किती, असं विचारल्यासारखंच. अल्फाफोल्डवर उभारलेल्या आणि अशाच विचाराच्या अल्फामिसेन्सने २०२३ मध्ये माणसात होऊ शकणाऱ्या ७.१ कोटी एकाक्षरी बदलांची छाननी केली. ५७ टक्के बहुधा निरुपद्रवी, ३२ टक्के बहुधा घातक, बाकीच्यांबद्दल निर्णय नाही. ‘बहुधा’ हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. हे निदान नव्हे. कोणता बदल आधी तपासावा हे संशोधकांना कळावं, यासाठी ती यादी आहे.

दुसरा उपयोग विषाणूंचा. २०२१ साली मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधल्या एका गटाने व्याकरण आणि अर्थ वेगळे काढले. “पोलिसांनी चोराला पकडलं” याचं “पोलिसांनी चोराला सोडलं” केलं तर व्याकरण शाबूत राहतं, अर्थ उलटा होतो. “पोलिसांनी चोराला पकडली” केलं तर व्याकरणच मोडतं. आपल्या प्रतिकारशक्तीला चकवायचं तर विषाणूला पहिल्या प्रकारचा बदल हवा. व्याकरण मोडलं तर तो पेशीत शिरू शकणार नाही, आणि अर्थ तोच राहिला तर प्रतिपिंडं त्याला ओळखतील. इन्फ्लुएन्झा, एचआयव्ही आणि करोनाच्या सार्स-कोव्ह-२ या विषाणूंच्या प्रथिनांवर त्यांनी ही कल्पना तपासली आणि निसटू शकणारे बदल ओळखायला ती कामाला आली.

तरी प्रथिनं म्हणजे भाषा, असं सरसकट मला म्हणवत नाही. वाक्यामागे बोलणारा असतो, त्याला काही सांगायचं असतं. प्रथिनामागे कोणी नसतं, फक्त टिकून राहिलेल्यांची यादी असते. प्रारूप शिकतं ते या यादीवरून. आणि यादी एकसारखी नाही. काही जीवांचा अभ्यास खूप झालाय, त्यांच्या प्रथिनांचे क्रम ढिगाने आहेत, इतरांचे मोजके. २०२४ मधल्या एका अभ्यासात दिसलं की प्रारूपं जास्त नोंदी असलेल्या जीवांच्या प्रथिनांना झुकतं माप देतात. नवं प्रथिन रचायला सांगितलं तर ते त्याच जीवांच्या वळणावर जातं, मग उष्णता सोसण्यासारखे त्या प्रथिनाचे खास गुण हातचे जाऊ शकतात. यांत्रिक भाषांतरात हे दुखणं जुनं आहे. जिच्यात मजकूर थोडा त्या भाषेचं भाषांतर मोठ्या भाषेच्या वळणाचं होतं. शब्द इथले असतात आणि चाल तिथली. २०२२ मध्ये एकाच प्रारूपात दोनशे भाषा बसवण्याचं काम झालं, पण थोड्या मजकुराची अडचण त्याने हलकी केली, मिटवली नाही.

जागा कोणी भरायची

प्रारूप शिकतं कारण ते स्वतः अंदाज करतं आणि चुकतं. झाकलेला शब्द आधीच दाखवला तर त्याच्या आतलं काहीच बदलत नाही. माणसाचंही बरंचसं असंच आहे, आणि भाषा शिकणाऱ्यांसाठी ही सर्वात कामाची गोष्ट आहे.

जेफ्री कार्पिक आणि हेन्री रोडिगर यांनी २००८ साली विद्यार्थ्यांना स्वाहिली शब्दांच्या आणि त्यांच्या इंग्रजी अर्थांच्या ४० जोड्या शिकवल्या. एखादी जोडी एकदा बरोबर आठवली की काही जणांना ती फक्त पुन्हा वाचायला दिली, त्यांना पुन्हा विचारली नाही. काहींना ती विचारत राहिले. आठवड्याने चाचणी घेतली. ज्यांना विचारत राहिले होते त्यांना साधारण ८० टक्के शब्द आठवले, बाकीच्यांना त्याच्या निम्म्याहूनही कमी. आपल्याला किती आठवेल याचा अंदाज मात्र सगळ्या गटांनी सारखाच दिला होता, निम्म्याच्या आसपास. पुन्हा वाचताना शब्द ओळखीचा वाटतो आणि ती ओळख म्हणजेच येणं, असा भास होतो. भासच तो.

आता विद्यार्थ्याच्या हातात भाषांतर करून देणारं यंत्र आहे, जागा भरून देणारंही आहे. तुर्कीतल्या जवळपास हजार शालेय विद्यार्थ्यांवर केलेला एक प्रयोग २०२५ मध्ये छापून आला. विषय गणिताचा होता, तरी भाषेच्या शिक्षकाने तो वाचावाच. ज्यांना मोकळा चॅटबॉट दिला त्यांचे सरावातले गुण ४८ टक्क्यांनी वाढले. मग तो काढून घेऊन परीक्षा घेतली, तेव्हा ते कधीच चॅटबॉट न मिळालेल्यांपेक्षा १७ टक्क्यांनी मागे पडले. उत्तर न देता फक्त इशारे देणारा चॅटबॉट ज्यांना दिला होता, त्यांचं हे नुकसान बरंचसं टळलं.

म्हणून मला यंत्राला वर्गाबाहेर काढावंसं वाटत नाही. यंत्राने केलेलं भाषांतर घ्या, त्यातली क्रियापदं खोडा आणि मूळ मजकूर बाजूला ठेवून ती भरा. टेलरसारखं ठरावीक अंतराने खोडू नका. त्याला मोजायचं होतं, तुम्हाला शिकायचं आहे. परकी भाषा जिथे तुमची वाट अडवते तिथे खोडा. मराठी शिकणाऱ्यासाठी ती जागा बहुतेक वेळा लिंगाची असते.

आणि तपासताना एक करा. समजा नुकतीच मराठी शिकू लागलेल्या कोणीतरी पहिल्या वाक्यात ‘शांतता’ लिहिलं. उत्तरसूचीत ‘अंधार’ आहे, म्हणून लगेच काट मारू नका. कदाचित त्याने शेवटचा ‘पसरला’ही खोडून तिथे ‘पसरली’ केलं असेल. एक जागा बदलली म्हणून दूरची दुसरी बदलावी लागली, हे त्याचं त्याला उमगलं. विसाव्या जागेपाठोपाठ दीडशेवी बदलून प्रथिनं आपली घडी राखतात ती अशीच. त्याला पूर्ण गुण द्या.